येते म्हणाली होती

कॉलेजच्या कट्ट्यावर आता गुळगुळीत फरशी बसवली आहे. आमच्या वेळी तिथं काळा ओबडधोबड दगड होता, आणि मार्चपासून पुढं दुपारी बारा वाजून गेल्यावर त्यावर टेकायचं तर खाली वही घ्यावीच लागायची. माझ्या केमिस्ट्रीच्या वह्यांनी अभ्यासापेक्षा हेच काम जास्त केलं. मागचा कडुनिंब मात्र आहे अजून. निंबोळ्या पिकल्या की त्याच्याखाली गोडसर, जरासा आंबूस वास सुटतो. परवा भाचीला प्रवेश घ्यायला म्हणून सोलापूरला गेले, तेव्हाही तो वास तसाच होता.

भाची आत ऑफिसात कागद द्यायला गेली आणि मी कट्ट्यावर बसले. खरं सांगायचं तर नाक मुरडायच्या तयारीनंच बसले होते. शेजारी चार मुली, चौघींच्या माना खाली, चौघींच्या हातात फोन. एक हसली, मग दुसरी, मग उरलेल्या दोघी. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, पहिलीनं काहीतरी गमतीचं त्या तिघींना पाठवलं होतं. हातभर अंतरावरून. मी मनात म्हटलं, घ्या, ह्यांना तोंड उघडायचाही कंटाळा. एवढ्यात एकीनं हसता हसता शेजारणीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि शेजारणीनं फोनवरची नजर न काढता खांदा जरा खाली केला, तिला नीट टेकता यावं म्हणून. मला जे झोंबलं ती नव्या पिढीची काळजी नव्हती. तो हेवा होता. मी त्याला चांगलं ओळखते, कारण तो मी ह्याच कट्ट्यावर बसून शिकले.

माझ्या शेजारी भाग्या बसायची. भाग्यलक्ष्मी. शहराच्या पूर्व भागात तिचं घर, घरात तेलुगू, खाली टॉवेलचे सहा माग. मी श्रीपूरची. वडील साखर कारखान्यात उसाच्या गाड्या मोजायच्या काट्यावर कारकून, आणि मी इथं वसतिगृहात. हंगामात सुट्टीहून परत आले की भाग्या आधी माझी पिशवी हुंगायची. "काकवीचा वास यायलाय गं," म्हणायची, आणि मला न विचारता पिशवीत हात घालायची. यायलाय, करायलीस, बोलायलीस, हे तिचं खास सोलापुरी बोलणं. मी त्याची नक्कल करायचे आणि ती माझ्या पाठीत धपाटा घालायची.

तिच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं हे लोक भांडताहेत. माग चालू असले की त्या घरात आवाजानं बोलून भागत नसे. अम्मा मागाच्या पलीकडून नुसते ओठ हलवायची, बोटं नाचवायची, आणि भाग्या अलीकडून तिच्या तोंडाकडे बघून सगळं समजून घ्यायची. रंगवलेल्या सुताचा आणि खळीचा ओलसर वास, पायाखाली थरथरणारी फरशी, आणि त्या खडखडाटात माय-लेकींची बिनआवाजी गप्पाष्टकं. त्यामुळे भाग्या कुठंही बोलली तरी अख्ख्या चेहऱ्यानं बोलायची. भुवया, नाक, खांदे, सगळे कामाला. आणि ऐकताना समोरच्याच्या तोंडावरून नजर हलवायची नाही. आम्ही घरी चार भावंडं. माझं बोलणं कुणी असं डोळे लावून ऐकलेलं नव्हतं, आणि एकदा त्याची सवय लागल्यावर मला दुसरं कुणी चालेना.

कॉलेज सुटलं की ती मला वसतिगृहापर्यंत सोडायला यायची. फाटकापाशी पोचेपर्यंत बोलणं संपलेलं नसायचं, म्हणून मग मी तिला नव्या पेठेपर्यंत सोडायला जायचे. तिथं कापडाच्या दुकानांच्या सावलीत उभं राहून आणखी थोडं. मग तिला वाटायचं, ही एकटी परत कशी जाईल, म्हणून ती पुन्हा अर्ध्या वाटेपर्यंत. असं आम्ही एकमेकींना रोज तीन-तीनदा सोडायचो. आमच्या रेक्टरबाई म्हणायच्या की तुम्ही दोघींनी एसटीत नोकरी धरा, फेऱ्यांची सवय आहेच. काय बोलायचो ते विचारू नका. मला त्यातलं फार काही आठवत नाही. आठवतो तो वाटेवरच्या चटणीच्या दुकानातून येणारा भाजल्या शेंगांचा वास, उखळातला दणका, उन्हाळ्यात तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ आणि त्याच्या फटीतून दिसणारे तिचे फक्त डोळे. तेवढ्या डोळ्यांवरून ती आता हसवणार की रडवणार हे मला कळायचं. जानेवारीत सिद्धेश्वराचा गड्डा भरला की आम्ही वाट वाकडी करून जत्रेतून जायचो. त्या गर्दीत, भोंग्यांच्या गोंगाटात, इतर मैत्रिणी एकमेकींच्या कानात ओरडायच्या. आम्ही नुसते ओठ हलवायचो. अम्माची विद्या मलाही आली होती, ह्याचा मला केवढा गर्व होता.

शनिवारी मी गावी निघायचे, तेव्हा ती स्टँडपर्यंत यायची. अकलूजची गाडी लागली की खिडकीची जागा धरायला आधी ती चढायची आणि मी पिशवी घेऊन मागून. मग ती खाली उतरून खिडकीखाली उभी राहायची, गाडी हलेपर्यंत. शनिवार मला म्हणूनच आवडायचा. गावाच्या ओढीपेक्षा त्या खिडकीची ओढ जास्त होती, हे आईला कधी कळलं असतं तर तिला काय वाटलं असतं कुणास ठाऊक.

शेवटच्या वर्षी दिवाळीला भिवंडीहून तिच्या भावानं तिला स्क्रीनचा फोन आणला. वर्गात तोवर निम्म्या जणींकडे आले होते. वर्गाचा ग्रुप निघाला आणि त्याचं नाव ठेवलं 'कट्टा'. मला तेव्हाच ते खटकलं होतं. अरे, कट्टा इथं असताना तिकडं दुसरा कशाला? माझ्याकडे बटणांचा फोन. त्यात साधे मेसेज आणि साप खेळायचा खेळ, बस्स.

महिन्याभरात ह्या कट्ट्यावरची माणसं त्या कट्ट्यावर राहायला गेली. म्हणजे बसायच्या इथंच, दगडावरच, पण हसायच्या तिथल्या गोष्टींना. आणि तिथं सगळ्यात लाडकी कोण, तर भाग्या. ती आवाज भरून पाठवायची, अम्माच्या, शेजाऱ्यांच्या, सरांच्या नकला. चाळीसजणी दिवसभर तेच बोलायच्या. सकाळी आल्यावर मला कुणीतरी सांगायचं, भाग्यानं काल कसली धमाल केली. मला! भाग्याची धमाल मला दुसऱ्या कुणीतरी सांगायची! मी कोरडं हसायचे आणि आतल्या आत जळायचे. सोडायला येणंही कमी झालं. फाटकापर्यंत आली की ती म्हणायची, उरलेलं मेसेजवर बोलू की. उरलेलं म्हणून तर आम्ही चालायचो. वाटेतही तिची नजर सारखी खाली. एकदा मी मुद्दाम बोलता बोलता गप्प झाले आणि मोजलं. दोन दुकानं मागं पडली तरी तिला कळलं नाही.

आणि मग आईची गोष्ट झाली. आमच्या आजोबांचा, म्हणजे आईच्या सासऱ्यांचा, गावाकडून फोन आला की आई आधी उठून उभी राहायची, डोक्यावर पदर घ्यायची आणि मगच 'हॅलो' म्हणायची. घरात कुणी नसलं तरी. हे मी भाग्याला नव्या पेठेतल्या सावलीत सांगितलं होतं. तिनं ते माझ्या तोंडाकडे बघत ऐकलं होतं. डिसेंबरात एका सकाळी वर्गात शिरले तर तिघी-चौघी मला बघून उठून उभ्या राहिल्या, डोक्यावर ओढण्या घेतल्या, कानाला हात लावून 'ह्यालोऽऽ' म्हणाल्या. सगळा वर्ग हसला. भाग्याही हसत होती. तिच्या चेहऱ्यावर वाईट भाव नव्हता, हे मला आज म्हणवतं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की जे माझ्याकडून फक्त तिला मिळालं होतं, ते तिनं चाळीसजणींत वाटून टाकलं.

दोन आठवडे मी गिळलं. मग एका शनिवारी ठरवलं की हे समोरासमोर बोलायचं, जे काय असेल ते. त्या दिवशी ती कॉलेजला आली नव्हती. मी दुपारी मेसेज केला की साडेचारच्या गाडीनं निघते आहे, खूप बोलायचं आहे. थोड्या वेळानं उत्तर आलं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. 'हो का. बरं. येते गं.'

एवढ्या पाच शब्दांवर मी हवेत चालत स्टँडवर गेले. साडेचारची गाडी लागली. खिडकीच्या जागा भरल्या, गाडी गेली. साडेपाचची आली, तीही मी सोडली. फोन लावला नाही. येते म्हणालीय ना, मग येऊ दे की स्वतःहून, मी कशाला विचारू? पेरू विकणारी बाई दोनदा माझ्याकडे बघून गेली. दर वेळी पूर्वेकडून रिक्षा वळली की मी मान ताणायचे. साडेसहाच्या गाडीत मी चढले ते उभ्यानं, आणि टेंभुर्णीपर्यंत उभीच होते.

सोमवारी ती कट्ट्यावर बसली होती, फोनमध्ये हसत. मला बघून म्हणाली, आलीस व्हय? एवढंच. मी वाट बघितली की आता म्हणेल, सॉरी गं, जमलं नाही. ती पुन्हा फोनमध्ये गेली. तिनं दोनदा विचारलं, काय झालंय तुला? मी दोन्ही वेळा म्हटलं, काही नाही. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही, आणि मी तेही तिच्याच नावावर मांडून ठेवलं. परीक्षा झाली, मी गावी गेले, लग्न झालं. बारा वर्षं झाली त्याला.

ह्या बारा वर्षांत मी तिला भेटले नाही, पण तिच्या घरातला पडदा कोणत्या रंगाचा आहे ते मला माहीत आहे. ती आता रील करते. मागापाशी उभी राहून, मराठीत सुरू करून मधेच तेलुगूत घुसून, सासूबाईंच्या गोष्टी सांगते. हजारो लोक बघतात. तेच खांदे, त्याच भुवया. मी प्रत्येक रील बघते आणि एकालाही लाईकचा बदाम देत नाही. खाली लोक लिहितात, ताई, तुम्ही जणू माझ्याशीच बोलता. ते वाचलं की माझं डोकं फिरतं. अहो, तुमच्याशी नाही बोलत ती. तसं बोलायची ती माझ्याशी, नव्या पेठेत.

तर परवा कट्ट्यावर हे सगळं उगाळत बसले होते. भाची ऑफिसातून बाहेर आली, तिला नव्या मुलींच्या कसल्यातरी कार्यक्रमाला पलीकडच्या इमारतीत जायचं होतं. पिशवी माझ्याकडे देऊन ती निघाली. चार पावलं गेली, वळली, हात वर केला आणि म्हणाली, "मावशी, येते गं."

मी हो म्हटलं. ती गेली. आणि मी त्या पिशवीसकट जागच्या जागी उभी राहिले.

आपल्यात 'जाते' म्हणत नाहीत. लहानपणी दारातून 'आई, जाते' म्हटलं की आई आतून ओरडायची, जाते काय म्हणतीस, येते म्हण. अम्मासुद्धा घराबाहेर पडताना तेलुगूत तेच म्हणायची, 'पोयोस्ता', जाऊन येते. भाचीची पाठ वळली होती, हात वर होता, एक पाय पुढं पडला होता. ती निघाली आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण हेच शब्द तिनं कुठूनतरी लिहून पाठवले असते, तर मी तिची वाट बघत बसले असते. भाग्या त्या शनिवारी स्टँडवर येणारच नव्हती. तिनं निरोप घेतला होता. तिचा हात मला दिसला नव्हता, एवढंच.

भाचीचा कार्यक्रम दोन तासांचा होता. मी चालत निघाले. नव्या पेठेतली कापडाची दुकानं आता काचेची झालीत, त्यांची सावली पूर्वीसारखी रस्त्यावर पडत नाही. चटणीचा वास मात्र वाटेत एका ठिकाणी आला आणि मी तिथं उगाच थांबले. पूर्व भागात शिरल्यावर मला शांतता टोचायला लागली. पूर्वी गल्लीच्या तोंडापासून खडखडाट सुरू व्हायचा. आता चार घरं सोडून एखादा माग, तोही धापा टाकल्यासारखा. पत्ता विचारावा लागला नाही; तिचं सासर माहेरच्याच गल्लीत, हे रीलमध्ये ऐकलं होतं, आणि तिथला निळा दरवाजा मला पाठ होता.

तिनं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या खांद्यावरची भाचीची पिशवी हिसकून घेऊन नाकाला लावली. मग हसायला लागली. मला वाटलं होतं मी ताठ राहीन. कसली ताठ राहते.

चहा झाला. अम्मा गेली, हे तिनं सांगितलं. मुलं शाळेत. तिच्या फोनचा दिवा मधूनमधून पेटत होता आणि ती दर वेळी तिकडं बघत होती, सवयीनं. शेवटी मी तिला तो शनिवार सांगितला. मेसेज, पाच शब्द, आणि आज सकाळी भाचीनं काय म्हटलं ते. तिला तो मेसेज आठवतही नव्हता. पण ऐकता ऐकता तिचे डोळे मोठे झाले.

"अगं येडे, मी यायची असते तर 'यायलेय' म्हणले असते की! 'येते' म्हणजे गेलेच मी. सोलापुरात राहून एवढं कळंना व्हय तुला?"

आणि ती हसली. पोट धरून, खुर्चीवरून घसरत, मांडीवर थापा मारत हसली, आणि मीही हसले, कारण तिची बारा वर्षांपूर्वीची सगळी भुवयांची कसरत माझ्या एकटीसाठी समोर चालू होती. मग डोळे पुसत तिनं फोन उचलला. "थांब थांब, हे परत सांग. पयल्यापासून. लई भारी होईल बघ हे. तू नुसतं बोल, मी लावते कॅमेरा."

मी तिच्या फोनवर हात ठेवला. जरा जोरातच ठेवला गेला. म्हटलं, आईचं तू चाळीसजणींना दिलंस. हे नाही द्यायचं.

आईचं कुठलं, असं तिनं विचारलं. मी सांगितलं. पदर, उभं राहणं, वर्गातल्या ओढण्या. तिचा चेहरा उतरत गेला. तिनं ते मजेनं सांगितलं होतं आणि विसरूनही गेली होती, आणि मी ते जपून ठेवलं होतं. सॉरी म्हणाली नाही ती. फोन बंद करून टॉवेलांच्या गठ्ठ्यात खुपसला आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली, पूर्वीसारखी, नजर न हलवता. खाली त्यांचा एक माग चालू होता, तो कुणीतरी थांबवला होता.

"किती वेळ थांबलेलीस गं त्या दिवशी?"

मी म्हटलं, साडेचारची सोडली, साडेपाचची सोडली. साडेसहाला निघाले.

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. मग म्हणाली, "एवढे लोक बघत्यात मला. फोन आकडा दावतो की, सरासरी किती वेळ थांबले ते. नऊ सेकंद. चांगला झाला तर बारा. तुज्याएवढं कुणी थांबलं न्हाई ग माज्यासाठी."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी तिचा हात धरला, पाठीवरून हात फिरवला, शोभेल ते सगळं केलं. पण आत, खरं सांगते, मला इतका आनंद झाला होता की तो तोंडावर दिसू नये म्हणून मी खाली बघत होते. ते सगळे हजारो लोक मागं राहिले होते. भाग्या अजून माझ्या तोंडाकडेच बघत होती, आणि तिला तो आनंद दिसला.